इमारतीला लावलेला दगड पडतोय – चिकटवायचा, स्क्रू मारायचा की काढूनच टाकायचा?

तिसरा मजला

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. विषय रुक्ष आहे पण गळ्याशी आलाय म्हणून.

आमची सोसायटी पुण्यात, सिंहगड रोडच्या बाजूला. पार्किंग अधिक सात मजले, ताबा २०१४ चा. दर्शनी बाजूला खालपासून दुसऱ्या मजल्याच्या स्लॅबपर्यंत पिवळसर धोलपुरी दगड लावलाय, दोन बाय दीड फुटाचे तुकडे, जाडी मी मोजली ती ३० मिमी. फ्लॅट घेताना याच दगडावर भाळलो होतो आम्ही सगळे, खोटं कशाला बोला.

परवा तीन दिवस झड लागली होती त्यानंतर सकाळी सव्वासहाला धाडकन आवाज. वॉचमन चहा टाकत होता, त्याला वाटलं गॅसच उडाला. बघतो तर वीसेक फुटांवरचा एक दगड खाली उभ्या ॲक्टिव्हाच्या सीटवर. त्या वेळी तिथे दूधवाला नव्हता एवढंच नशीब.

मी पडलेला दगड उलटा करून पाहिला. मागची बाजू ताटासारखी स्वच्छ. सिमेंटचा कणही चिकटलेला नाही. भिंतीवर मात्र मालाचे पाच गोळे जसेच्या तसे, चार कोपऱ्यांत चार आणि मधे एक, अगदी लाडू वळून ठेवल्यासारखे. बाकी सगळी पोकळी. तार नाही, क्लॅम्प नाही, काही नाही. म्हणजे दहा वर्षं हा दगड नेमका कशावर उभा होता हेच कळेना.

तीन कॉन्ट्रॅक्टर येऊन गेले. एक म्हणतो समोरून प्रत्येक दगडाला दोन स्टीलचे स्क्रू ठोकून देतो. दुसरा म्हणतो सगळं काढा, ड्राय क्लॅडिंग करा (म्हणजे सिमेंटने न चिकटवता दगड धातूच्या क्लॅम्पवर बसवायचा). तिसरा म्हणतो नुसतं इपॉक्सी भरू, काय होत नाय. कमिटीला तिसरा फार आवडलाय (का ते सांगायला नको). जाणकारांनी प्रकाश टाकावा.

चहाटळ

दगड पडला ते ठीक, ॲक्टिव्हाचं काय झालं ते सांगा आधी.

ओळंबा

साइटवर एकोणीस वर्षं झाली त्यामुळे थोडं लांबलचक लिहितो, सांभाळून घ्या.

सगळ्यात आधी, तो पट्टा आजच्या आज दोरी लावून बंद करा आणि वर जाळी मारा. एक पडलाय म्हणजे बाकीचे रांगेत आहेत. हिशोब करून बघा. तुमचा दगड तीन चौरस फूट, ३० मिमी जाडीचा सँडस्टोन चौरस मीटरला साधारण ७० किलो भरतो, म्हणजे एक तुकडा २० किलोच्या आसपास. वीस फुटांवरून खाली येईपर्यंत त्याला ताशी चाळीसेक किलोमीटरचा वेग येतो. हेल्मेटबिल्मेट विसरा.

आता मुद्दा. भिंतीवर लावलेल्या दगडाला दोन वेगळ्या गोष्टी लागतात आणि लोक हमखास एकच करतात किंवा एकही करत नाहीत. एक म्हणजे त्याचं वजन कोणीतरी खालून उचललं पाहिजे. दुसरी म्हणजे तो पुढे येऊ नये म्हणून मागून कोणीतरी धरलं पाहिजे. लहान मुलाला कट्ट्यावर बसवतो तेव्हा बूड कट्ट्यावर असतं आणि आपला हात त्याच्या पोटाशी असतो ना, तसं. नुसतं पोटाशी धरून अधांतरी ठेवलं तर आपला हात भरून येतो, आणि नुसतं कट्ट्यावर ठेवून हात काढला तर पोरगं पुढे. तुमच्याकडे बूड पण अधांतरी आणि हात पण नाही, फक्त पाठीला पाच ठिकाणी गोंद.

आणि तो गोंदही धड नाही. धोलपुरी दगड मशीनवर कापून येतो, कापताना पाणी आणि भुकटीचा जो राडा होतो तो मागच्या बाजूवर पावडरीसारखा वाळतो. तो ब्रशने धुतला नाही तर सिमेंट दगडाला न चिकटता त्या पावडरीला चिकटतं. तुमची ‘ताटासारखी स्वच्छ’ बाजू म्हणजे तेच. त्यातून लाडू पद्धत, म्हणजे मागे पोकळी, वरच्या सांध्यातून पाणी आत जातं आणि तिथेच बसून राहतं.

पुढचं म्हणजे ऊन. तुमची बाजू पश्चिमेची आहे का? दगड तापला की वाढतो, फार नाही, पण दहा मीटरच्या सलग पट्ट्यात दिवस-रात्रीत ४० अंशांचा फरक पडला तर चारेक मिमी सरकतो. दगडाला दगड घासून लावले असतील, मधे फट ठेवली नसेल, तर हे चार मिमी जाणार कुठे? बाहेर. वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस थोडं आत थोडं बाहेर, आणि गोंद सुटतो.

आता माझे प्रश्न. एक, मागे काँक्रीट आहे की ब्लॉक? दोन, कुठल्याही मजल्यावर दगडाखाली लोखंडी अँगल किंवा काँक्रीटची पडदी दिसते का? तीन, लाकडी हातोडीने एकेक दगड वाजवून बघितला का? भरीव असेल तर खणखणीत वाजतो, सुटला असेल तर बद्द. खडूने खुणा करा आणि फोटो काढा.

तिसरा मजला

बापरे, धन्यवाद. पश्चिमच आहे. वाजवून बघितलं नाहीये, उद्या रविवार आहे, करतो. अँगल कुठेच दिसत नाही. मागे काय आहे ते माहीत नाही, बिल्डरचा फोन लागत नाही (नेहमीचंच).

सुरकी

माझे बाबा गवंडी होते, मुंबईत फोर्टमध्ये बऱ्याच बँकांची कामं केली त्यांनी. लहानपणी सुट्टीत डबा घेऊन जायचे तेव्हा बघितलेलं आठवतं ते लिहिते.

दगडाच्या वरच्या कडेला जाडीच्या बरोब्बर मधोमध बारीक भोक पाडायचे, त्यात तांब्याची तार वाकवून अडकवायची, आणि दुसरं टोक भिंतीत ठोकलेल्या हुकाला पिळून बांधायचं. मग दगडामागे पातळ माल ओतायचे, एका दमात नाही, वीतभर ओतून थांबायचं, नाहीतर ओल्या मालाच्या भाराने दगडच पुढे येतो. मोठ्या दगडांना तारेऐवजी गनमेटलच्या पट्ट्या. बाबा म्हणायचे मालाने दगड बसतो, तारेने तो राहतो. एका दिवसात दोन माणसं मिळून जेमतेम दहा-बारा दगड व्हायचे.

आता कोण देणार एवढा वेळ. आमच्या इथे परवा लॉबीत काम चाललं होतं, मी विचारलं तार कुठंय, तर तो पोरगा म्हणाला मॅडम आता केमिकल येतं.

ओळंबा

सुरकीताई, तुमच्या बाबांना दंडवत. हेच सगळं आयएस ४१०१ या भारतीय मानकाच्या भाग १ मध्ये लिहिलंय, १९६७ सालचा कोड आहे, दगडाच्या दर्शनी कामावरचा. कोड जुना आहे, पण पाळायला आजही कुणी तयार नाही.

केमिकलबद्दल एकच म्हणतो. चांगला टाइल अ‍ॅडहेसिव्ह वाईट नाही, लॉबीत, बाथरूममध्ये, हात पोचेल एवढ्या उंचीवर खुशाल वापरा, पूर्ण पाठीवर दातेरी थापीने पसरून. पण बाहेर, ऊनपावसात, डोक्याच्या वर २० किलोचा दगड नुसत्या चिकटपणावर सोडायचा नाही.

कॅरोलिनाकर

इकडे अमेरिकेत माझं घर ‘विटांचं’ आहे असं मी आईला फोनवर अभिमानाने सांगितलं होतं. इन्स्पेक्शनच्या वेळी कळलं की घर आहे लाकडाचं, विटा म्हणजे फक्त अंगावर घेतलेली शाल. छप्पराचं वजन विटेवर शून्य. विटांची भिंत पायावर स्वतंत्र उभी असते, लाकडी भिंतीपासून किमान एक इंच लांब, आणि मधल्या फटीतून दोघींना जोडायला पत्र्याच्या पट्ट्या असतात. नालीदार पट्ट्या, पाऊण इंचाहून जरा रुंद, २२ गेज जाडीच्या. एक टोक लाकडाच्या खांबाला, दुसरं विटांच्या थरातल्या मालात.

नियम असा आहे की दर २.६७ चौरस फुटाला किमान एक पट्टी, आडवं अंतर ३२ इंचांहून आणि उभं २४ इंचांहून जास्त नको. भूकंपाच्या किंवा जोराच्या वाऱ्याच्या भागात दर दोन चौरस फुटाला एक. आणि तळाला विटांच्या उभ्या सांध्यात छोटी भोकं ठेवतात, आत शिरलेलं पाणी बाहेर पडायला. म्हणजे पाणी आत येणार हे गृहीतच धरलंय, फक्त त्याला वाट करून दिलीय. हे मला फार आवडलं. (आमच्या शेजाऱ्याने ती भोकं मुंग्या येतात म्हणून सिलिकॉनने बुजवली, ते वेगळं.)

पण माणसं सगळीकडे सारखीच हो. शेजारच्या घराची भिंत वादळात फुगली, कोपरा उघडला तेव्हा आम्ही सगळे बघायला गेलो होतो. पट्ट्या होत्या! मोजून बरोब्बर अंतरावर खिळ्याने ठोकलेल्या. फक्त पुढे वाकवून मालात घातल्याच नव्हत्या, अर्ध्याअधिक पट्ट्या भिंतीला सपाट चिकटून झोपलेल्या. सुताराने आपलं काम केलं, विटा लावणारा आला त्याला थराशी जुळत नव्हत्या, त्याने सोडून दिल्या. वरून कुणाला दिसणार?

बादवे शिकागोत ॲमोको बिल्डिंग म्हणून होती (आता नाव बदललंय), पूर्ण संगमरवराने मढवलेली, इटलीतल्या कॅरारा गावचा मार्बल. १९७३ च्या नाताळात, बांधकाम चालू असतानाच, १६० किलोची एक लादी निसटून शेजारच्या बिल्डिंगचं छप्पर फोडून आत गेली. पुढे त्या पातळ लाद्या उन्हाथंडीने ताटलीसारख्या वाकायला लागल्या आणि शेवटी १९९० ते ९२ मधे सुमारे ४३,००० लाद्या उतरवून तिथे ग्रॅनाइट लावला. तेव्हा तुमच्या कमिटीला सांगा की आपण एकटे नाही.

चहाटळ

शिकागोवाल्यांना पण बिल्डरचा फोन लागला नसेल.

किवीकाकू

मी न्यूझीलंडला, क्राइस्टचर्चला असते. २२ फेब्रुवारी २०११ च्या भूकंपाच्या वेळी दुपारी लायब्ररीत होते, तो दिवस आठवला की अजून हात थंड पडतात. १८५ माणसं गेली शहरात. त्यातली बरीचशी मोठ्या इमारती कोसळून, पण रस्त्यावर उभ्या असलेल्यांवर जुन्या दुकानांच्या दर्शनी भिंती पडूनही गेली.

आमच्या गल्लीतली गोष्ट सांगते. सगळी घरं लाकडी सांगाड्याची, बाहेरून विटा. दोन घरं शेजारी, एकाच्या विटा सगळ्या अंगणात ढीग, दुसऱ्याच्या भिंतीला फक्त जिना उतरल्यासारख्या तडा. फरक काय तर जुन्या घरात विटांना धरणाऱ्या पट्ट्या खिळ्यांनी ठोकलेल्या, नव्यात स्क्रूने. माझ्या मिस्टरांनी समजावलं तेव्हा पटलं: वरची पट्टी ठोकताना हातोडीचे दणके बसतात, सांगाडा हलतो, आणि खालच्या थरातला माल अजून ओला असतो, त्यामुळे खालच्या पट्ट्या बसायच्या आधीच सैल होतात. स्क्रू फिरवला की दणका नाही. एवढीशी गोष्ट! आता इकडे स्क्रूच लावतात.

ऑस्ट्रेलियात न्यूकॅसलला १९८९ च्या डिसेंबरात भूकंप झाला तो ५.६ चाच होता, १३ जण गेले. तिथे समुद्राकाठी असल्याने भिंतींमधल्या तारा गंजून गेलेल्या, कुठे मुळात घातलेल्याच नाहीत. बाहेरून भिंती ठणठणीत दिसत होत्या.

गडवाट

एवढी सगळी चर्चा वाचून मौज वाटली. आपल्या पूर्वजांनी साडेतीनशे वर्षांपूर्वी सिंधुदुर्ग बांधला, पायात शिसं ओतून, समुद्रात. आजही उभा आहे. कुठला कोड, कुठला क्लॅम्प? आपलं ज्ञान विसरलो आपण.

ओळंबा

गडवाट, सिंधुदुर्गाला माझाही मुजरा. पण तुलना चुकतेय. तटबंदीचा दगड म्हणजे भिंतच असते ती, दोन-तीन मीटर जाड, वरचा दगड खालच्यावर बसलेला, वजनानेच घट्ट. या सोसायटीचा दगड म्हणजे भिंतीला लावलेलं स्टिकर. तटाला पडायला जागाच नाही, स्टिकरला पडण्यावाचून दुसरं काम नाही.

आणि शिशाबद्दल म्हणाल तर ते ज्ञान विसरलेलं नाही, उलट त्यातच खरी गंमत आहे. जुन्या देवळांत, घाटांवर दोन दगडांमधे डमरूच्या आकाराची खाच करून त्यात लोखंडी कडी बसवायचे आणि वरून शिसं ओतायचे. शिसं कडीला घट्ट बसवतं आणि पाणी लागू देत नाही. जिथे शिसं नीट ओतलं तिथे कडी शाबूत आहे, जिथे नाही तिथे लोखंड गंजून फुगलं आणि दगडाचाच कोपरा उडाला. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. म्हणजे त्यांनाही कळलं होतं की दगड धरणारी वस्तू गंजली की धरायचं सोडून ती दगड फोडते. म्हणूनच आज स्टेनलेस.

गडवाट

मान्य. स्टिकर शब्द आवडला.

तेरणाकाठ

राहवत नाही म्हणून लिहितोय. आम्ही औसा तालुक्यातले. ३० सप्टेंबर १९९३, किल्लारीचा भूकंप, विसर्जनाच्या रात्रीनंतरची पहाट, चार वाजायला पाच मिनिटं कमी. मी नऊ वर्षांचा होतो. जवळपास आठ हजार माणसं गेली.

आमच्याकडच्या भिंती दोन-दोन अडीच-अडीच फूट जाड, दगडाच्या, मातीत बांधलेल्या. आम्हाला वाटायचं एवढी जाड भिंत म्हणजे काय होणार. पण ती एक भिंत नव्हतीच. बाहेरचा थर वेगळा, आतला थर वेगळा, मधे माती आणि चिपऱ्या. जमीन हलली तसे दोन्ही थर पुस्तक उघडल्यासारखे फाकले आणि वरचं माळवद खाली आलं. आमच्या घरातला आतला थर आतच पडला. त्यावर जास्त लिहीत नाही.

नंतर इंजिनिअर लोक आले त्यांनी सांगितलं की दोन्ही थरांना शिवणारा आरपार दगड पाहिजे होता, दर दोन फूट उंचीला, आणि आडवा चार फुटांवर एक तरी. आरपार लांबीचा दगड नसेल तर सळईचा हुक घालून काँक्रीट भरायचं. जी घरं उरली होती त्यांच्या भिंतीत नंतर असंच केलं, भिंतीतून हळूहळू दगड काढून आरपार भोक पाडायचं, सळई घालायची, दोन्ही टोकं वाकवायची, भरून टाकायचं. आमच्या चुलत्यांच्या घराला असे हुक बसवताना मी पाणी मारायला होतो. भिंतीला टाके घालतायत असंच वाटायचं बघताना.

तुमचा दगड ३० मिमीचा आणि आमची भिंत अडीच फुटाची, पण दुखणं एकच आहे.

किवीकाकू

तेरणाकाठ, काय बोलू. लिहिलंत ते बरं केलंत.

ओळंबा

+१. भूकंपावर मी मुद्दाम लिहिलं नव्हतं कारण लोक म्हणतात पुण्यात कुठे येतो. कोयना १९६७ विसरतात.

कलम_बहाद्दर

कायद्याचं थोडक्यात: रेरा कायद्यात ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष निघाला तर बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करायचा. तुमचा ताबा २०१४ चा, तेव्हा रेराच नव्हता, आणि पाच वर्षं तशीही उलटली. नोटीस पाठवा, पण त्याच्या आशेवर काम थांबवू नका. उद्या कुणाला लागलं तर आधी सोसायटीला विचारतील, आणि तुम्हाला एक दगड पडल्यावर माहीत होतं हे सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तारखेसकट आहे. १५ ते ३० वर्षांच्या इमारतीला दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट सोसायटीच्या उपविधीत आहे, तुमची अजून तितकी झाली नाही म्हणून हात झटकू नका, आत्ताच करून घ्या.

तिसरा मजला

अपडेट. रविवारी मी आणि शेजारचे काका शिडी लावून जिथवर हात पोचतो तिथवरचे दगड वाजवत बसलो, बायको खडू घेऊन खाली. ६० पैकी २३ बद्द वाजले. काका संगीत विशारद आहेत, त्यांनी तर स्वर पण सांगितले.

सुटलेल्या दगडाच्या जागी दोन ठिकाणी ड्रिल मारून पाहिलं. कॉलमवर करड्या रंगाची बारीक पूड आली आणि ड्रिल रडत रडत आत गेलं. दोन कॉलमच्या मधे मारलं तर पांढरी पिठी, आणि बिट लोण्यात सुरी गेल्यासारखं. म्हणजे एएसी ब्लॉक ना, ते हलके, सच्छिद्र सिमेंटचे? मग स्क्रूवाल्याचं काय करायचं?

ओळंबा

एएसीच. आणि याच प्रश्नाची भीती होती. समोरून स्क्रू ही आयडिया अगदी टाकाऊ नाही बरं का, मागे चांगलं काँक्रीट असेल, दगड तडकलेला नसेल, तर दगडातून आरपार भोक घेऊन स्टेनलेसची पिन रेझिनने बसवतात आणि वर दगडाच्याच भुकटीचा लेप भरतात, जुन्या इमारती वाचवायला हे करतात. पण एएसीमधे साधा फुगणारा फास्टनर म्हणजे पावात खिळा. कसताना घट्ट लागतो, आतून ब्लॉक चुरा होत असतो. त्याला एएसीसाठीचा खास प्लग किंवा जाळीच्या नळीतला केमिकल अँकर (रेझिनने चिकटवलेला बोल्ट) लागतो आणि तोही दगड मागे धरून ठेवण्यापुरता. वजन एएसीवर टाकायचं नाही म्हणजे नाही.

मग ड्राय क्लॅडिंग करायचं तर कसं? बीमपासून बीमपर्यंत उभा लोखंडी सांगाडा, गॅल्वनाइज्ड, तो काँक्रीटमधे अँकर केलेला, आणि त्यावर क्लॅम्प. एका दगडाला चार पिना. खालच्या दोन वजन घेतात, वरच्या दोन फक्त पुढेमागे धरतात, वरच्या पिनेला भोकात किंचित वरखाली हलायला जागा ठेवायची. दगडांमधे पाच-सहा मिमी फट, त्यात दगडाला डाग न पाडणारा सीलंट. तळाला पाणी निघायला वाट. सांगाडा गॅल्वनाइज्ड आणि क्लॅम्प स्टेनलेस असेल तर मधे नायलॉनचा वॉशर, नाहीतर ओलीत दोन धातू एकमेकांना खातात.

आणि स्टेनलेस म्हणजे कुठलं ते बिलावर लिहून घ्या. पुण्याला ३०४ ग्रेड चालतं. बाजारात २०२ ग्रेड सर्रास ३०४ म्हणून देतात. लोहचुंबक लावून कळत नाही, दोन्ही चिकटत नाहीत. टेस्टिंगचं द्रावण मिळतं, एक थेंब टाकला की रंगावरून कळतं.

मालवणी चेडू

आमच्याकडे समुद्राकाठी ३०४ पण टिकत नाही, ३१६ च घ्यावं लागतं. आमच्या बाबांनी वेंगुर्ल्याला घर बांधलं आरसीसी, आणि जुन्या घराची आठवण म्हणून बाहेरून जांभ्या चिऱ्याची इंचभर कापलेली लादी लावली. गंमत बघा, आजोबांचं घर आख्ख्या चिऱ्याचं, ते ऐंशी वर्षं उभं आहे. बाबांच्या घराची लादी चौथ्या पावसात सुटायला लागली. जांभा पाणी पितो ना भरपूर, जड होतो. आजोबा रोज सकाळी अंगणात पडलेला तुकडा उचलून बाबांच्या खुर्चीवर ठेवायचे, काही न बोलता.

चहाटळ

😂😂 आजोबा फॉर कमिटी अध्यक्ष!

कॅरोलिनाकर

केमिकल अँकरवरून एक: बोस्टनच्या बोगद्यात जुलै २००६ मधे छताचे काँक्रीटचे पॅनेल एका गाडीवर पडले, एक बाई गेली. बोल्ट इपॉक्सीने बसवलेले, आणि लवकर सुकणारा प्रकार वापरला होता तो कायमच्या ओढीखाली हळूहळू सरकत गेला. टेस्ट केली तेव्हा धरलं होतं, वर्षानुवर्षं लटकल्यावर सुटलं. तेव्हा ‘ओढून बघितलं, पक्कं आहे’ एवढ्यावर थांबू नका, कुठला माल कशासाठी आहे ते पण बघा.

तिसरा मजला

(फेब्रुवारी) धागा वर काढतोय. मधे जाळी, दिवाळी आणि तीन जनरल बॉडी झाल्या. तिसऱ्या मीटिंगला मी तो पडलेला दगड पिशवीतून घेऊन गेलो आणि टेबलावर ठेवला. इपॉक्सीवाल्याचं नाव पुन्हा निघालं नाही.

ठरलं असं की माणसाच्या उंचीच्या वर दगडच नको. वरचे सगळे उतरवून तिथे प्लॅस्टर आणि टेक्स्चर. खाली सात फुटांपर्यंत दगड ठेवला, पण प्लिंथला काँक्रीटची चार इंची पडदी बाहेर काढून त्यावर पहिला थर बसवला, आणि मागे क्लॅम्प. पूर्ण ड्राय क्लॅडिंगचे पैसे नव्हते, स्पष्टच सांगतो.

उतरवताना मी रजा काढून परांचीखाली उभा होतो. ४१२ दगड उतरले. त्यातल्या नऊ दगडांना तार होती. नऊही दगड एकाच कोपऱ्यात, गेटजवळ, वरून दुसऱ्या ओळीत. म्हणजे कुणीतरी एक गवंडी एक दिवस नीट काम करत होता आणि दुसऱ्या दिवशी त्याला तार मिळाली नसावी, किंवा सांगितलं असेल कशाला वेळ घालवतोस. ते नऊ दगड काढायला सगळ्यात जास्त वेळ लागला, छिन्नी लावून तारा तोडाव्या लागल्या.

ओळंबा यांच्या सांगण्यावरून दहा फास्टनरवर ओढून बघायची टेस्ट केली. नऊ धरले, एक सुळकन बाहेर. भोकातली पूड साफ केलीच नव्हती. त्यानंतर तो ड्रिलवाला पोरगा सायकलचा पंप घेऊन यायला लागला, प्रत्येक भोकात चार वेळा हवा, मधे ब्रश. थेंबाची टेस्ट पण केली, पहिल्या खोक्यातले क्लॅम्प २०२ निघाले, परत पाठवले. दुकानदार म्हणाला पहिल्यांदाच कुणीतरी तपासतंय.

सुरकी

ते नऊ दगड टाकून देऊ नका हं.

तिसरा मजला

नाही टाकले ताई. गेटजवळच्या कट्ट्यावर बसवलेत, तिथे आता वॉचमन चहा पीत बसतो.

ओळंबा

आडवे बसवलेत ना? मग ठीक आहे 😄

चहाटळ

आणि ॲक्टिव्हा??

तिसरा मजला

सीट बदलली हो. मालक आता गाडी मागच्या बाजूला लावतात, तिथे दगड नाहीये. कबुतरं आहेत, त्यावर वेगळा धागा काढतो.